वांगी, तांब्या आणि एक सही

१ डिसेंबर, रविवार
जलरंगाचा तिसरा वर्ग. वांगं काढायला बसले, बटाटा झाला! वर्गात सगळी शाळेची पोरं, एक्केचाळिसाची मी एकटी. संगमेश्वर सर म्हणाले, "सुकन्याताई, वांगं जांभळं असतं हे घरी ठेवून या. इथं फक्त बघा." बघितलं. वांग्याच्या पोटाखाली टेबलाची पिवळी झाक होती. आजवर हजारानं चिरली असतील – कधी दिसली नाही.
घरी हे म्हणाले, "या वयात?" म्हटलं, हाव. याच वयात!

५ डिसेंबर
गावाकडून बालाजी आला. कधी दिवाळीलाही न फिरकणारा माझा भाऊ – आज पिशवीभर वांगी, गुळाची ढेप, वर साडी! चहा झाला आणि कागद निघाला. हक्कसोड. उन्हाळ्यात अप्पा गेले, आता शेतावरून माझं नाव काढायचं. "आक्का, एक सही तर हाय. बहिणी कुठं वाटा मागून राहिल्या?"
म्हटलं, आधी वाचते. तर फुगला. वाचायचं काय त्यात!

६ डिसेंबर
त्यानं आणलेली वांगीच मांडली. शेजारी पितळी तांब्या. घाई केली, पहिला रंग ओला असतानाच दुसरा लावला – चिखल. कागद फाडला. नवा घेतला.

८ डिसेंबर, रविवार
सरांनी माझी पांढऱ्या रंगाची ट्यूब काढूनच घेतली. "चमक लावायची नसते, ताई. तेवढा कागद कोरा ठेवायचा." एकदा रंग गेला की ती जागा गेली. तीनदा चुकले. चौथ्यांदा तांब्याच्या गळ्यावर एक रेघ राहिली – लखलखीत! मागची पोरगी म्हणाली, "काकू, तांब्या खराच वाटून राहिला!" रस्ताभर एकटीच हसत आले.

१२ डिसेंबर
बालाजीचा फोन. "सोमवारी लोह्याला कचेरीत ये. साक्षीदार सांगून ठेवलेत." मग आईला दिला. आई म्हणाली, "करून टाक, माय. भांडण नको." मागून त्याचा आवाज – बोल, अजून बोल.
हे म्हणतात, माहेर तुटंल बघ. तुटंल, माहीत आहे. पण मी अप्पांची लेक नव्हते का? हे कुणीच विचारत नाही.

१४ डिसेंबर
वांगी सुकायला लागली. हे भाजी मागतात. चित्र होईस्तोवर भाजी नाही!

१६ डिसेंबर, सोमवार
गेले लोह्याला. कचेरीत आई बाकावर बसलेली, मान खाली. बालाजीनं पेन पुढं केलं.
"न्हाई करत."
"का?"
"मला वाटा पायजे."
साक्षीदार चहा सोडून बघायला लागले. बालाजी ओरडला, "रंग खेळायला लागली अन् डोकं फिरलं हिचं! आता माझ्या दारात पाय ठेवू नको."
म्हटलं, "दार ठेव तुझं. शेतात मात्र येणार."
आईनं वर बघितलंच नाही. नांदेड येईस्तोवर एस.टी.त पदर तोंडात धरून रडले.

१७ डिसेंबर
चित्र पुरं झालं. तांब्या एका बाजूला कलला आहे, एका वांग्याचा देठ फसला आहे. पण वांगी वांगीच आहेत! रविवारपर्यंत दम निघेना, सरांच्या घरी नेऊन दाखवलं. म्हणाले, "आता पुढचं मांडा." भिंतीत खिळा ह्यांनीच ठोकला.

१८ डिसेंबर
सकाळी सातला दार वाजलं. आई! एकटी, काखेत गाठोडं. पाणीसुद्धा घेतलं नाही.
"तू गेलीस अन् त्यानं माझ्याबी नावाचा हक्कसोड काढला, माझा अंगठा धरून शाईत दाबला. मी हात हिसडला. कागदाला लागू दिला न्हाई." निळा अंगठा माझ्यापुढं धरला. "माझाबी वाटा निघतो म्हणं शेतात. वकील कुठं बसतो? चल."