संशोधनासह

पुणे, १४ ऑगस्ट

प्रिय उत्कर्षा,

तुझ्या गुणपत्रिकेवर 'बी.ए. ऑनर्स' एवढंच छापून आलं, 'संशोधनासह' हा शब्द आलाच नाही, त्याला आज तीन आठवडे झाले. तेवढ्या दिवसांत तू मला चार मेसेज केलेस आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. शेवटच्यात तू लिहिलंस, 'मॅडम, माझाच प्रबंध कमी पडला असणार. तुम्हाला खाली बघायला लावलं, माफ करा.' तो मेसेज मी परत उघडलेला नाही. पाठ झाला आहे.

तुझा प्रबंध कमी पडला नाही. एकवीस-बावीस वर्षं मी भूगोल शिकवते आहे, पण हिंजवडीच्या गावठाणातल्या विहिरी शोधत दोन उन्हाळे पायी फिरलेली विद्यार्थिनी मला दुसरी भेटली नाही. एकेचाळीस विहिरी तू नकाशावर आणल्यास. तिथल्या जुन्या शेतकऱ्यानं, त्या धोंडिबांनी, तुला एका कंपनीच्या पार्किंगपाशी उभं करून सांगितलं होतं, "हितं आमची हिर व्हती, पोरी. पानी हाय अजून खाली, फकस्त दिसत न्हाई." ते वाक्य तू तोंडी परीक्षेत जसंच्या तसं म्हणालीस, तेव्हा बाहेरून मी बोलावलेले परीक्षक लिहायचे थांबले होते. त्यांनी तुला शंभरपैकी ब्याण्णव दिले. तो कागद माझ्याकडे आहे.

मग शब्द का आला नाही, ते आता सांगते. तिसरं वर्ष संपताना तू बाबांना घेऊन माझ्या खोलीत आली होतीस. ते वाशीमहून सकाळीच पोचले होते, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. तीन वर्षांत पदवी मिळते तर चौथं कशाला, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना समजावलं, की तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, पण साडेसातच्या वर सरासरी असलेल्या मुलांना चौथ्या वर्षी मार्गदर्शकाच्या हाताखाली स्वतःचं संशोधन करता येतं, प्रबंध लिहिता येतो, आणि ती पदवी असली की पुढे थेट पीएच.डी.चं दार ठोठावता येतं. तू तेव्हाच बंगळुरूच्या त्या संस्थेचं नाव घेतलंस. बाबांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तं ठेवतो पोरीले."

तुझ्याकडे तेव्हा दुसऱ्या कॉलेजातली संशोधनाच्या चौथ्या वर्षाची जागाही होती. ती सोडू की नको, हे तू गेल्या वर्षी जुलैत मला विचारायला आलीस.

उत्कर्षा, त्याच्या दोन दिवस आधी केदार सरांनी राजीनामा दिला होता. संशोधनाची पदवी द्यायची तर विभागात दोन मान्यताप्राप्त मार्गदर्शक लागतात. ते गेल्यावर मी एकटीच उरले. विद्यापीठाचं पत्रही आलं होतं: दुसरा मार्गदर्शक नेमेपर्यंत विभागानं फक्त साधं ऑनर्स चालवावं. तू समोर बसली होतीस तेव्हा ते पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. मी तुला म्हटलं, "इथेच राहा. तुझी मार्गदर्शक मी आहे."

का म्हटलं? तू गेली असतीस तर चौथ्या वर्षाला दोनच मुलं उरत होती आणि वर्ग बंद पडत होता. वर्ग बंद म्हणजे माझे तास कमी, आणि संस्थेनं मला बाहेरगावच्या कॉलेजात पाठवलं असतं. घरी दिगंबर अर्धांगानं अंथरुणावर आहेत, हे तुला माहीत आहे. पण त्यांच्या आजाराआड मी लपणार नाही. दिवाळीपर्यंत दुसरा माणूस नेमतील, मग सगळं सुरळीत होईल, असं मी स्वतःला सांगत राहिले. दिवाळी गेली. नेमणूक झाली नाही. तू दर शनिवारी नवं प्रकरण घेऊन येत होतीस, मी लाल पेनानं खुणा करत होते. एकाही शनिवारी मला तोंड उघडता आलं नाही.

गेल्या आठवड्यात तू मला दिसलीस. खराडीच्या स्टॉपवर, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. विम्याचे अर्ज तपासायची नोकरी धरली आहेस, हे तुझ्या वर्गातल्या मैत्रीकडून कळलं होतं. बंगळुरूची मुदत संपली तेही तिनंच सांगितलं. तू मान खाली घालून उभी होतीस. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

तू विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे अर्ज केला आहेस, तो कॉलेजात पोचला. 'माझं काय चुकलं ते कळावं', एवढीच तुझी मागणी. आज दुपारी प्राचार्यांनी मला बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे केला: 'विद्यार्थिनीला प्रवेशापूर्वी सर्व कल्पना देण्यात आली होती.' मी तो दोनदा वाचला. आणि सही केली. उद्या सुट्टी आहे, परवा तो समितीकडे जाईल. घरी येऊन दिगंबरना जेवू घातलं आणि हे लिहायला बसले. यानं बंगळुरू परत मिळणार नाही, तो शब्दही छापून येईल असं मला वाटत नाही. मला क्षमाही करू नकोस. विद्यापीठाचं पत्र आणि परीक्षकांचा कागद सोबत जोडते आहे. हे पत्र समितीपुढे त्या कागदाशेजारी ठेव. दोन्हींवर सही माझीच आहे. खरी कुठली, ते त्यांना विचारू दे. मी येऊन सांगेन.

तुझीच मार्गदर्शक,
हेमा दिगंबर आगाशे
सहयोगी प्राध्यापक, भूगोल विभाग