नखाचा रंग

अब्बा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. घरातली आपली बोली वेगळी होती, पण शाळा मराठीत झाल्यामुळं लिहिता मला मराठीच येतं, म्हणून आपलं बोलणंही मराठीतच लिहिते. आज शिक्रापूरला आमच्या दवाखान्यात एका कंपनीतला कामगार मनगट मोडून आला होता. प्लास्टर झाल्यावर मी त्याचं अंगठ्याचं नख दाबून बघितलं. दाबलं की पांढरं, सोडलं की लाल. थोड्या वेळानं परत बघितलं, आणि तो निघाला तेव्हा परत. तो हसून म्हणाला, "सिस्टर, कितनी बार दबाओगे?" मी अजून एकदा दाबलं. गेली बावीस वर्षं मी प्लास्टर रूममध्ये हेच करते. डॉक्टर मला काळजी घेणारी म्हणतात. का ते त्यांना माहीत नाही. मी एकदा एका सकाळी नख बघायला गेले नाही, आणि बघितलं म्हणून तुम्हाला सांगितलं. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही.

वडगावातलं तुमचं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. पंपांच्या जळालेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास. दिवसभर तुम्ही तार गुंडाळून मोटारी भरता, आणि बाहेरच्या बाकड्यावर हात, पाय, खांदा धरून माणसं बसलेली असतात. पार वरवंड, दौंडकडून यायची, तुम्हाला चाचा म्हणायची. हाड बसवणं तुमच्या आजोबांकडून तुमच्याकडं आलेलं. त्यांनी हातानं उतरवून घेतलेली हकिमांची किताब फडताळात हिरव्या कापडात असायची. शेकडो वर्षांपूर्वीचे इलाज होते तिच्यात. निखळलेला खांदा शिडीवर टाकून कसा बसवायचा, जळवा कुठं लावायच्या, जखमेत मध कधी भरायचा, कंबरदुखीला तापल्या सळईचा डाग कुठं द्यायचा. डाग तुम्ही कधी दिला नाही. "भाजल्याचं दुखाय लागलं की पहिलं दुखणं माणूस विसरतं. त्याला काय बरं केलं म्हणायचं व्हय?" असं तुम्ही म्हणायचात.

आणि तुमची ती भांडायची रीत. खांदा निखळलेले एक पाटील बाकड्यावर कण्हत बसलेत. तुम्ही त्यांचा हात हातात घेता आणि सहज विचारता, "काय पाटील, सोसायटीच्या इलेक्शनला पडला म्हनं?"

"कोन म्हनलं पडलो? पाच मतं, नुसती पाच मतं कमी..." पाटील तावातावानं उठायला जातात आणि तेवढ्यात खटकन आवाज होतो.

"बसा आता निवांत," तुम्ही म्हणता. "खांदा बी बसला." पाटील आधी शिव्या देतात, मग हात हलवून बघतात, मग हसतात. मी अंड्याचा पांढरा बलक आणि उडदाचं पीठ कालवत कोपऱ्यात बसलेली असते. मलाही हसू येतं, पण तुम्ही माझ्याकडं बघता आणि मी परत कालवायला लागते.

लेप, त्यावर फडकं, वर बांबूच्या कांबी, आणि बोटांची टोकं नेहमी उघडी. पट्टी ओली असताना सैल वाटते, वाळली की आवळते, आतून सूजही चढते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाऊन नख बघायचंच, असं हकिमांनी लिहिलेलं होतं म्हणे. तुम्ही दुकान उघडायचात, म्हणून सहावीपासून ते काम माझं. शाळेच्या आधी मी वस्त्या वस्त्या फिरायचे. लाल असेल तर काही नाही. पांढरं राहिलं किंवा निळं दिसलं तर पळत यायचं, तुम्ही जाऊन पट्टी सोडणार. एकदा मी लांबूनच बघून आले तर तुम्ही रागावला होतात. "नख दाबल्याबिगर बोलत न्हाई. डोळ्यानं बघितलेलं धरू नको."

मी दहावीत होते. नदीकडच्या वस्तीवरची एक बाई, मी तिला वहिनी म्हणायचे, ट्रॉलीतून उतरताना पडली, उजवा हात कोपराखाली मोडला. तुम्ही बांधलात. ती ओठ चावून बसली होती, मला म्हणाली, "उद्या येशील तवा गवारीच्या शेंगा घेऊन जा बरं का." दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातून निघाले आणि कॅनॉलच्या कडेनं फिरून सरळ शाळेत गेले. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "नख बघितलं?"

"हो. लाल होतं."

"दाबून?"

"दाबून."

तिसऱ्या दिवशी तिचे सासरे शिरूरहून आले. ती रात्रंदिवस कळा सोसत होती, चाचांनी बांधलंय म्हणजे दुखणारच, असं धरून. बोटं निळी पडल्यावर त्यांनी तिला शिरूरला नेलं. तिथं पट्टी कापली. हात वाचला, बोटं वाचली नाहीत. कापावी लागली नाहीत, पण पुढं आत वळली ती वळलीच. मी दाराआड उभी होते. सासरे ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट वाटलं.

"चाचा, पोरगी येनार व्हती म्हनं नख बघाय. आमच्याकडं कोन बी आलं न्हाई."

तुम्ही हातातली तार खाली ठेवलीत. "मीच पाठवली न्हाई, आबा. आवळून बी मीच बांधलं. चूक माझी हाय."

त्या दिवशी तुम्ही कांबी चुलीत घातल्या आणि किताब कापडात बांधून वर ठेवलीत. त्यानंतर कुणी आलं तर "शिरूरला जा, हाडाचा फोटो काढा" एवढंच. हळूहळू बाकडं रिकामं झालं. गावात कुणी तुमच्या बाजूनं बोललं, कुणी विरुद्ध, तुम्ही मोटारी भरत राहिलात. मला एक शब्द बोलला नाहीत. माझ्या नर्सिंगला तुम्हीच पाठवलंत. वहिनी अजून आहे. डाव्या हातानं भाकरी थापते, कडा जाड राहते. मी गेले की मला जेवूनच जा म्हणते. ती भाकरी मला गिळवत नाही, पण मी ती पूर्ण खाते.

शेवटी तुम्हाला आमच्याच दवाखान्यात आणलं होतं. बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप होती. एका दुपारी तुम्ही माझा हात ओढून घेतलात, माझ्या अंगठ्याचं नख दाबलंत, सोडलंत, आणि बघत राहिलात. "लाल येतंय," म्हणालात. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी सलाईन बघायला उठले.

त्या सकाळी का गेले नाही असं लोकांनी विचारलं असतं तर परीक्षा होती, असं मी सांगितलं असतं. तसं नव्हतं. आदल्या बाजारात तुम्ही मला पांढरे कॅनव्हासचे बूट आणले होते, आणि वस्तीच्या वाटेवर उसाला पाणी सोडलेलं होतं. गुडघ्याएवढा चिखल होता. एवढंच कारण. त्या संध्याकाळी मी "दाबून" म्हणाले तेव्हा तुम्ही दाराकडं बघितलंत. बूट तिथंच काढलेले होते. वस्तीवर पाणी चालू आहे हे तुम्हाला माहीत होतं, त्या पंपाची मोटार तुम्हीच भरली होती. बुटांना डागसुद्धा नव्हता. तुम्ही बराच वेळ बघितलंत, मग माझ्याकडं बघितलंत, आणि हात धुवून जेवायला बसलात. डोळ्यानं बघितलेलं धरू नको म्हणायचात, तसं तुम्ही बूट बघितलेले धरले नाहीत. माझं बोलणं धरलंत. चूक माझी हाय, असं सासऱ्यांना म्हणालात, ते मला वाचवायला म्हणालात का खरंच तसं वाटून, हे मला अजून कळत नाही.

हे पत्र मी किताब बांधलेल्या हिरव्या कापडात ठेवते. ती आता माझ्याकडं आहे, आणि घरात ती कुणी उघडत नाही. अजून एक सांगायचं राहिलंय. बूट आणलेत तेव्हा मी नुसती मान हलवली होती. ते मला फार आवडले होते, अब्बा.