तिकडे कुणीच नाही

४ मार्च

काहीतरी फोडायचं होतं. हाताशी दरवाजा आला — कुणीतरी खांबाला घासून आणलेल्या गाडीचा, मागचा डावा. ठोकत सुटले. मालक म्हणाले, जरा दमाने, तो पत्रा आहे, वैरी नाही. आज मला फरक कळत नव्हता.

मास्तरने फोटो टाकलाय. धाकटीचं शिलाई मशीन, कुऱ्हाडीने फोडलेलं. चाक एकीकडे, मान एकीकडे. खाली लिहिलंय, ‘बायको रुसून गेली आहे. परत आली की नवीन घेऊन देईन.’ त्याखाली हसरी तोंडं! लोकांना गंमत वाटली. आईने तर बदाम टाकलाय. फोन करून विचारलं तर म्हणते, नवीन घेऊन देणार म्हणतोय ना तो.

रुसून! माझी सख्खी बहीण त्या घरातून निघाली तेव्हा तिच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. पडदा फाटलाय, डॉक्टर म्हणाले. आणि हा तिचा नवरा गाडी चालवायला शिकवतो, म्हणून गावभर ‘मास्तर’. नवशिक्यांशी काय गोड बोलतो — घाबरू नका, ब्रेक हलकेच दाबा. घरी आला की हात मोकळा सुटतो.

याचा जीव घेतला पाहिजे. लिहिलं. लिहून जरा बरं वाटलं.

५ मार्च

मास्तरचं एक खातं धाकटीने बंद केलं की तो दुसरं उघडतो. तोंडं वेगळी, शिव्या त्याच. आजचं खातं एका मांजरीच्या फोटोचं होतं. मांजर म्हणते, ‘दुसरा कान पण फोडीन.’

६ मार्च

गॅरेजमध्ये सगळ्यांच्या तोंडी ते नवीन ॲप. जुन्यावर राहायचं की नव्यावर जायचं, यावरून डबा खाताना हमरीतुमरी. पेंटर आधीच बिऱ्हाड हलवून बसलाय. तिकडे शिवीगाळ नाही, जाहिराती नाहीत, कुणी कुणाच्या अंगावर येत नाही, असं सांगत होता. मालक म्हणाले, माणसंच नसली तर अंगावर येणार कोण? पेंटर बिचारा रोज सकाळी स्वतःलाच सुप्रभात म्हणतो.

माझ्या डोक्यात मात्र तेच बसलं. सुटी टाकून धाकटीकडे गेले. ती काकूंकडे आहे — काकू पूर्वी आमच्या गॅरेजमध्ये सीटकव्हरं शिवायच्या, आता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांचं स्वतःचं दुकान आहे. धाकटी दुकानामागच्या खोलीत राहते, काकूंच्या मशीनवर शिवते. हे ठिकाण मला माहीत, काकूंना माहीत. आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

म्हटलं, सोड ते जुनं ॲप. नव्यावर ये, तो नसेल तिथे.

तिने मान वर केली नाही. दोरा ओवत होती. मग म्हणाली, “घर मी सोडलं. गल्ली मी सोडली. आता इथूनही मीच निघायचं?”

खरं आहे तिचं. उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं — सगळं गिऱ्हाईक तिने त्या ॲपवर एकेक करून जोडलंय. लोक तिला तिच्या नक्षीवरून ओळखतात. ते सोडायचं म्हणजे पुन्हा पहिल्या टाक्यापासून सुरुवात. पण जीव राहिला तर टाके घालता येतील ना! मी आवाज चढवला. तिने उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाली, ओरडू नकोस, या कानाने नीट ऐकू येतं.

बाहेर येऊन भिंतीवर मूठ मारली. भिंतीला काही झालं नाही.

९ मार्च

आला होता. गॅरेजमध्ये. माझ्या घरी आधीच जाऊन आला होता, कपाटं उलटी करून. शेजारणीने नंतर सांगितलं.

हसत आला. ताई, कुठे ठेवलंत तिला? मी म्हटलं, खिशात. त्याने पाना उचलला आणि समोरच्या गाडीची काच फोडली. गिऱ्हाइकाची गाडी, आजच तयार झालेली. पेंटर मध्ये पडला तर त्याच्या पोटात गुडघा. मी हातोडा उचलेपर्यंत माझे केस त्याच्या मुठीत. कपाळ बॉनेटवर आपटलं — एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा मी स्वतःच्या रक्ताचा ठसा पाहिला, रंगाआधीच्या करड्या प्रायमरवर. मालकांनी मागून त्याच्या गळ्यात हात घातला तेव्हा सोडलं.

जाताना म्हणाला, “बायको माझी आहे. कुठेही असली तरी मला कळेलच.”

मग गाडीत बसला, आणि सीटबेल्ट लावला! माणसाचं डोकं फोडून निघाला आणि सीटबेल्ट लावला. हसू आलं मला. तोंडात रक्त आलं तसं थांबवलं.

कपाळाला टाके पडले. पोलिसांत गेलो. त्यांनी लिहून घेतलं. घरगुती आहे ना, म्हणाले.

१० मार्च

गेले. त्याच्या ड्रायव्हिंग शाळेची गाडी दारात उभी होती, टपावर पाटीसकट. मोठा हातोडा घेऊन गेले होते.

आयुष्यभर डेंट काढले मी. कुठे मारलं की पत्रा हाताने सरळ होतो ते जसं मला ठाऊक, तसंच कुठे मारलं की कधीच होत नाही तेही ठाऊक. दारांच्या कडा. छताचे खांब. बॉनेटच्या मधली घडी. काचा तर कुणीही फोडेल. शेवटी पाटी. सगळ्या गल्लीने पाहिलं. कुणी अडवलं नाही. एका म्हातारीने तर बसायला खुर्ची बाहेर आणली — स्वतःसाठी.

मास्तर खिडकीत उभा होता. खाली आला नाही. फोन धरून उभा होता फक्त.

मजा आली. खोटं कशाला लिहू?

११ मार्च

हात दाखवून अवलक्षण! त्याने चित्रण केलं होतं. माझं, पहिल्या घावापासून शेवटच्या घावापर्यंत. ‘हिनेच माझा संसार मोडला.’ जुन्या ॲपवर आग लागावी तसं पसरलं. मला शिव्या पडल्या त्याचं काही नाही. पण लोक धाकटीच्या पानावर जाऊन थुंकताहेत. गुंडांच्या घरातली. नवऱ्याला देशोधडीला लावणारी. ठरलेली कामं रद्द. एका बाईने तिने शिवलेला अभ्रा कात्रीने कापून त्याचा फोटो टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी संन्यासी नाही, मान्य. पण फाशी मग मला द्या, तिला का?

डेंट काढताना एका हातात हातोडा असतो, दुसऱ्या हाताने पत्र्यामागे लोखंडी ठोकळा दाबून धरावा लागतो. मागे आधार नसेल तर घाव लागत नाही, पत्रा नुसता हेलकावतो. मास्तरच्या घावामागे ठोकळा कोण कोण धरतंय ते आज वाचलं. नावं वाचत गेले. तिच्या शाळेतल्या बाई. आमचा चुलतभाऊ. आमची आई — ‘जावईबापू, देव बघून घेईल.’

आईला फोन लावला. काय बोलले ते इथेही लिहिणार नाही.

१३ मार्च

धाकटी तीन दिवस फोन उचलत नव्हती म्हणून गेले. बदललीय. शांत आहे. कपाळावरचे माझे टाके बोटाने चाचपून पाहिले आणि शिवणारणीसारखं बोलली — फार ओढून घातलेत.

मग आपणहून विचारलं, त्या नव्या ॲपवर खरंच कुणी नसतं का?

म्हटलं, एक पेंटर. आणि पेंटरचं सुप्रभात.

मास्तर आहे का तिकडे?

पाहिलं. आहे, पण नावाला. शाळेचं खातं उघडून ठेवलंय, गाडीचा एकच फोटो — धड असतानाची गाडी. कुणी फिरकत नाही त्याच्याकडे. म्हटलं, नको मग, राहू दे. ती म्हणाली, असू दे तो. जुनं आता माझ्यासाठी मेलं. घालून दे.

एवढं ऐकायला मी किती झटले होते! तिचा विचार बदलायच्या आत उरकावं म्हणून घाईघाईत तिच्या फोनवर चढवलं. प्रश्नच प्रश्न विचारतं ते. हे दाखवू का, ते वापरू का, याला परवानगी आहे का. मी दाबत गेले. काय काय दाबलं देव जाणे.

निघताना तिने मला घट्ट धरलं. आमच्यात असं कुणी करत नाही. बरं वाटलं.

१४ मार्च

नव्यावर तिने पहिलाच शब्द लिहिलाय — ‘पोचले.’ बास, एवढंच.

आमच्या घरचा नियम. बाबा ट्रक चालवायचे. कुठेही गेले की कुणाच्या तरी फोनवरून ‘पोचलो’ असं कळवायचे. एकदा कळवलं नाही, कारण पोचलेच नाहीत. तेव्हापासून आम्ही दोघी बाजारात गेलो तरी आईला ‘पोचले’ लिहितो. नव्या ॲपवर पोचली, म्हणून तिथेही लिहिलं! वाचून मला गलबलून आलं. ओळखीचं कुणी नवं आलं की ॲप कळवतं; पेंटरने खाली सुप्रभात लिहिलंय.

१५ मार्च

दुपारी पेंटर फोन घेऊन आला. ताई, ‘पोचले’च्या खाली हे काय बारीक अक्षरात?

गल्लीचं नाव. दुकानाचं नाव. ॲप आपणहून छापतं, आपण कुठे बसून लिहितोय ते. परवानगी दिली असेल तर.

मी दिली. मीच. प्रश्नावर प्रश्न, मी हो-हो दाबत गेले.

पेंटरने गाडी काढली. तिचा फोन लागेना. काकूंचा लागला — त्या रेक्झिन आणायला गेल्या होत्या. रस्ताभर मी कोणत्या देवाला काय बोलले आठवत नाही.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर मास्तरची भाड्याची गाडी, अगदी नीट लावलेली. वाकून आत गेले.

फोमचे तुकडे सगळीकडे, पांढरे, आणि त्यांत लाल. मशीन आडवं. कापायच्या टेबलाखाली मास्तर कुशीवर पडलेला, गुडघे पोटाशी. रेक्झिन कापायची मोठी कात्री बरगडीखाली मुठीपर्यंत आत. तोंड उघडं. डोळे मला बघत होते. धाकटी भिंतीला टेकून बसलेली. गळ्यावर त्याच्या दहा बोटांचे वळ, काळेनिळे. तिच्या नखांत त्याची कातडी. श्वास शिट्टीसारखा येत होता. पण येत होता!

मी आधी तिच्याकडे गेले. त्याच्याकडे पेंटर गेला. गाडीत घालेपर्यंत तो संपला.

१६ मार्च

हॉस्पिटल. तिला बोलता येत नाही. गळ्याच्या आत सूज आहे.

१७ मार्च

पोलीसबाई आल्या होत्या. या वेळी खुर्ची ओढून बसल्या, घरगुती म्हणाल्या नाहीत. मी सगळं सांगितलं. ॲप मी चढवलं, परवानगी मी दिली, पत्ता माझ्यामुळे फुटला. तिला कल्पनाच नव्हती. गळ्यावरच्या वळांचे फोटो त्यांनी काढले. म्हणाल्या, जीव वाचवायला केलं, हे दिसतंच आहे. पण तुमचा जबाब महत्त्वाचा. जपून आणि खरं लिहा. लिहिला, सही केली.

आई आली. दारातून रडतच आली — जावई गेला म्हणून. मग तिने धाकटीचा गळा पाहिला. रडणं थांबलं. पलंगाच्या कडेला बसून राहिली आणि स्वतःच्या तोंडावर मारून घेऊ लागली. मी हात धरला नाही. थोडा वेळ मारू दिलं.

जुन्या ॲपवर आता धाकटी वाघीण झालीय! तेच लोक, तीच तोंडं. त्या शाळेतल्या बाईंनी पणती टाकलीय. उलटी झाली मला, खरोखरची, हॉस्पिटलच्या बेसिनमध्ये.

१९ मार्च

झोप नाही. डोळे मिटले की तो प्रश्न दिसतो — परवानगी आहे का? आणि माझा अंगठा.

२० मार्च

आज तिच्या गळ्यातून आवाज फुटला. चमच्याने पाणी पाजत होते. पुन्हा माफी मागितली, त्या ‘हो’बद्दल. तिने चमचा बाजूला केला.

“तू ‘नाही’ दाबलं होतंस, ताई. मी बघत होते. तू गेल्यावर मी चालू केलं. काकूंना पण मीच धाडलं बाहेर.”

मग थांबली, आवंढा गिळला. दुखत होतं.

“जुन्यावर लिहिलं असतं तर सगळ्यांनी वाचलं असतं. तिकडे तो एकटाच वाचणार होता.”

पोलीसबाई उद्या पुन्हा येणार आहेत. चूक माझी होती, हेच सांगणार आहे.