दंडावर खूण नाही

नांदेड
९ जानेवारी २०००

चि. संघपाल यास,
अक्काचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं येऊन पडली, फोनही आले, आणि मी नोव्हेंबरपासून गप्प. याची आधी माफी मागते. शाळेत परीक्षा होत्या हे कारण दोनदा लिहून खोडलं, कारण ते खरं नाही. फोनवर हे सांगितलं नाही, कारण फोनवर तू बोलतोस आणि मी हो म्हणते. लिहिताना तरी माझं वाक्य मला पुरं करता येतं.

इकडे ठीक आहे. मुदखेडची गाडी रोज उशिरा येते आणि हेडमास्तरांना रोज नव्यानं नवल वाटतं. आमच्या शाळेतल्या जोहराबाजी सगळ्या स्टाफरूमला सांगत फिरतात की यांच्या भावानं लातुरात शाल घातली, आता या आपल्यात कशाला बसतात, यांना उंच खुर्ची मागवा. मी हसते. त्यांना काय सांगू?

तू लिहिलं होतंस की क्लासला पाच वर्षं झाली, माझ्या पहिल्या गुरूचा सत्कार करायचा आहे. मला खरं वाटलं. तुला बाराखडी मी शिकवली, सातवीनंतर नांदेडला माझ्या खोलीवर आणून दहावीपर्यंत बसवलं. हे उपकार म्हणून मोजत नाही, पण सत्कार म्हटल्यावर तेच डोळ्यांपुढे आलं. नवी साडी घेतली. चार वाक्यांचं भाषण पाठ केलं. हे लिहिताना लाज वाटते, पण एवढं लपवलं तर पुढचंही खोटं होईल.

हॉल पोरापोरींनी भरला होता. तू शाल घातलीस, नारळ दिलास आणि माझा खांदा धरून मला उजेडाकडे वळवलंस. पोरांना सांगितलंस की नीट बघून घ्या, हे देवीचे वण. हा रोग जगातून गेला, तुमच्या पिढीला असा चेहरा पुन्हा बघायला मिळायचा नाही. मागच्यांना दिसेना म्हणून ती बाकांवर उभी राहिली. मग तू मला बाही वर करायला सांगितलंस. मी केली. दंडावर लशीची खूण नाही हे तू सगळ्यांना दाखवलंस आणि म्हणालास की याचं कारण आमची आई अडाणी. देवी डॉक्टर टोचायला गावात आला की ती पोरं कणगीमागं लपवायची, आणि देवी आल्यावर मरीआईला कोंबडं कबूल करायची. पोरं हसली. तूही हसलास. मी हातात नारळ धरून उभी होते, आणि सांगायला नको वाटतं, पण माझ्याही तोंडावर हसू होतं.

चेहऱ्याचं मला किती लागलं हे मी दोन महिने स्वतःला विचारते आहे. लागलं. वर्गात मुलं पहिल्या दिवशी माझ्याकडे बघत राहतात आणि आठवड्यात विसरतात. तुझ्या हॉलमध्ये त्यांना विसरू नका म्हणून सांगितलं जात होतं. पण तेवढंच असतं तर मी चार दिवस रुसून पत्र लिहिलं असतं. माझ्या घशाखाली उतरत नाही ते आईचं.

मला देवी आल्या १९५८ च्या उन्हाळ्यात. आपल्या आळीनं दीक्षा घेऊन दीडेक वर्ष झालं होतं. आईनं घरातले देव पोत्यात भरून नदीला दिले होते, आणि गाव म्हणत होतं की देव टाकलेत, आता देवी बघून घेईल यांच्याकडं. अशात देवी डॉक्टर चावडीवर आल्याचं कळलं तेव्हा आई मला कडेवर घेऊन सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. आपल्या आळीला शेवटी बोलावलं. सगळं गाव टोचून होईपर्यंत ती उन्हात बसून राहिली. दिवस कलल्यावर माझी पाळी आली. ती गोल फिरवायची टोचणी मला आठवते, का आईनं सांगितलेली आठवते, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी चार वर्षांची होते. फोड उठलाच नाही. लस धरली का ते बघायला डॉक्टर पुन्हा आला तो चावडीवरून परत गेला, आळीत आला नाही. नंतर देवी आल्या. म्हाताऱ्या लिंबाचा पाला आणि नवस घेऊन दाराशी आल्या, तर आईनं त्यांना सांगितलं की हा आजार हाय, देवी न्हाई, तुमी पाणी तेवढं आणून द्या.

म्हणून खूण नाही. लस धरली नाही, इतकंच. तू जीवशास्त्र शिकवतोस, आणि हे तुला मी सांगायचं?

भूकंपात आई गेली. चावडीवर त्या दिवशी जी माणसं होती त्यांतलीही बहुतेक त्याच पहाटे गेली. आता तिच्या बाजूनं बोलायला मी एकटी. तुझ्या नोट्सची प्रत तू माझ्या पिशवीत घातली होतीस, तिच्यात माझा फोटो आहे आणि खाली कणगीचं तेच वाक्य. ते वाक्य काढ, आणि वर्गात एकदा सांग की ते चुकीचं होतं. दुसरं काही मागत नाही.

लुंबिनीला आणि पोरींना आशीर्वाद. आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
अक्का


लातूर
१८ जानेवारी २०००

ती. अक्कास,
संघपालचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र दोन बॅचच्या मध्ये जिन्यात उभं राहून वाचलं. नंतरच्या तासाला पोरांनी विचारलं, सर, बरं नाही का. अक्का, मी तुला मुद्दाम दुखवीन का? पोरं अजून तुझं नाव काढतात. त्या धड्यावरचा प्रश्न चाचणीत एकाचाही चुकला नाही.

तू इथं येऊन राहिलीस तर तुला कळेल. लातूर पॅटर्नचं नाव झाल्यापासून गल्लीगल्लीत क्लास निघाले. उमरीची, इस्लापूरची पोरं येऊन पत्र्याच्या खोल्यांत तिघं-चौघं राहतात, आईबाप एस.टी.नं डबे पाठवतात, आणि प्रत्येकाला मेडिकलला जायचं आहे. त्यांना तीन तास बाकावर बसवायचं तर नुसत्या फळ्यानं भागत नाही, गोष्ट लागते. मी गोष्ट सांगितली. आईला कमी लेखायचं मनात नव्हतं.

तिनं तुला टोचायला नेलं होतं हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. माझा जन्मच मुळी नंतरचा. दंडावर खूण नाही म्हटल्यावर कोणीही तोच अर्थ काढील. आणि समजा तसं असलं तरी, लस टोचूनही देवी आल्या असं मी पोरांना सांगायचं का? सध्या पोलिओचे डोस चालू आहेत. खेड्यांत बायका दारं लावून घेतात. उद्या यातलंच एखादं पोरगं डॉक्टर होणार, त्याच्या मनात लशीबद्दल किंतू आला तर? आणि आपल्या आळीला शेवटी बोलावलं, हे आता हॉलमध्ये काढून कोणाचं भलं होणार आहे? माझ्यासमोर सगळ्या घरांतली पोरं बसतात.

तरी तुझा मान राखतो. फोटो काढून टाकतो. नाहीतर डोळ्यांवर काळी पट्टी देतो, म्हणजे कोणी ओळखणार नाही. नोट्स पुन्हा छापायच्याच आहेत. पण वर्गात उभं राहून सर चुकले होते असं म्हणायला मला सांगू नकोस. सर चुकतात असं एकदा झालं की संध्याकाळपर्यंत पोरं पलीकडच्या गल्लीत. आठ फेब्रुवारीला सकाळी रिपीटर बॅचला हाच धडा घ्यायचा आहे. तो फोटोविना घेईन, शब्द देतो.

जोहराबाजींना सांग, उंच खुर्ची माझ्याकडून. आणि रागावलीस तरी कारळाची चटणी पाठव, डबा कधीचा रिकामा आहे.

तुझ्या रागावरही हक्क सांगणारा,
संघपाल


लातूर
२५ जानेवारी २०००

ती. अक्का यांना,
लुंबिनीचा सविनय जयभीम.

मी तुम्हाला वेगळं पत्र कधी लिहिलं नाही, म्हणून अक्षर बघून घाबरू नका. यांची आणि पोरींची तब्येत चांगली आहे. तुमचं पत्र यांनी कपाटावर ठेवलं होतं ते मी वाचलं, चोरून वाचलं म्हणा हवं तर. यांनी दिलेलं उत्तर मात्र यांनीच मला वाचून दाखवलं, चटणीच्या जागी स्वतःच हसले. तेव्हापासून मला घास गोड लागून नाही राहिला.

आईनं टोचायला नेल्याचं माहीत नव्हतं असं यांनी लिहिलं. अक्का, माहीत होतं.

भूकंपाच्या आधीची गोष्ट. थोरलीला डोस द्यायचा होता आणि सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. पहाटेच मला उठवायला लागल्या की चल, आधी नंबर लाव, मागं राहू नको. मी हसून म्हटलं की अजून दवाखान्याचा कुत्रा पण उठला नसेल. तेव्हा त्यांनी चावडीचं सगळं सांगितलं, तुम्ही लिहिलंय तसंच. आणि शेवटी म्हणाल्या की माझं काय चुकलं ते मला अजून उमगत न्हाई. मीच पोरीचा दंड पुसला असंल, मीच पाणी लागू दिलं असंल, म्हणून दवा धरली न्हाई. इतकी वर्षं त्या हेच मनात धरून होत्या.

हे तिथंच चहा पीत बसले होते. यांनी बशी खाली ठेवली, त्यांचा हात हातात घेतला आणि समजावून सांगितलं की आई, तुझं काही चुकलं न्हाई. त्या वेळची लस पातळ असायची, उन्हानं मरायची. दिवसभर उघड्यावर राहून तुमच्या आळीपर्यंत आली तवर तिच्यात जीवच नव्हता. पुढं कोरडी लस निघाली, ती उन्हात टिकायची, म्हणून रोग हटला. सासूबाई लई रडल्या. म्हणाल्या की तू डॉक्टर न्हाई झालास, पण माझा डॉक्टर तूच. त्या दिवशी यांच्याकडे बघून मला वाटलं होतं की आपलं नशीब चांगलं.

सत्काराला मी हॉलच्या मागं उभी होते. कणगीचं ऐकलं तेव्हा वाटलं, विसरले असतील. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले की हाव, माहीत हाय, पण पोरांना सोपं करून सांगावं लागतं. मी गप्प बसले. तुम्हाला तेव्हाच कळवायला पाहिजे होतं.

माझं नाव यांना सांगितलंत तरी चालेल. मी नाही म्हणणार नाही. तुमच्या मनात मला पहिल्यासारखी जागा असू द्या.

तुमची,
लुंबिनी


नांदेड
२ फेब्रुवारी २०००

चि. संघपाल यास,
जयभीम.

तुला माहीत होतं, हे लुंबिनीनं मला कळवलं. नाव लपवलं असतं तर तू घरात शोधत बसला असतास, म्हणून तिच्या परवानगीनं लिहिते. तिला एक शब्दही बोलू नकोस.

माहीत नव्हतं असं तू लिहिलंस तेव्हा मी तुझी बाजू घेतली होती. मीच कधी सांगितलं नाही, आपण भावाबहिणीनं या चेहऱ्याबद्दल कधी बोललोच नाही, मग त्याला दोष कसा द्यायचा, असं रोजनिशीत लिहून ठेवलं. ‘समजा तसं असलं तरी’ हे तुझं वाक्य तेव्हाही खटकलं होतं. मी ते वाचून मुद्दाम पुढे गेले.

पोलिओच्या डोसाचं तू लिहिलंस त्यावर मी पुष्कळ विचार केला. तू बरोबर असशील आणि मी नुसती दुखावलेली असेन, असंही होऊ शकतं. पण आईला तू जे समजावलंस त्यानं लशीवरचा तिचा विश्वास कमी झाला नव्हता. पोरांनाही तेवढंच सांगितलं असतंस तर पुरलं असतं. लस खोटी नव्हती, उन्हात राहिली होती. फक्त मग एखाद्या पोरानं विचारलं असतं की सर, ती उन्हात का राहिली? चावडीवर आधी टोचून घेतलं त्यांची नातवंडंही तुझ्या हॉलमध्ये असतील. त्यांच्या घरी वाईट वाटू नये म्हणून कोणाला तरी अडाणी ठरवायला पाहिजे होतं, आणि आई काही उठून बोलणार नव्हती.

तू मला उजेडात उभं केलंस ते मी विसरेन, असं मला वाटतं. पण आईच्या मनातलं ओझं तू स्वतः उतरवलंस आणि ती गेल्यावर पुन्हा तिच्याच डोक्यावर ठेवलंस, भरल्या हॉलमध्ये. तिनं तुला माझा डॉक्टर म्हटलं होतं रे. हे करणारा माणूस मला ओळखू येत नाही. याला मी वाढवलं का, असं विचारते, आणि उत्तर हो असंच येतं.

फोटो काढू नकोस. डोळ्यांवर पट्टीही देऊ नकोस. वण खरे आहेत, ज्याला शिकायचं त्यानं बघावेत. मी ते वाक्य काढायला सांगितलं होतं, आणि तू नेमकं ते सोडून बाकी सगळं द्यायला तयार झालास.

आठ तारखेला सकाळी मी तुझ्या वर्गात येते. शाल नको, ओळख करून देणं नको. मी काही बोलणार नाही. तुझी पोरं पलीकडच्या गल्लीत जावीत असं मला वाटत नाही. मुलींच्या बाजूला मधल्या एखाद्या बाकावर बसेन. धडा तुझा आहे. आईविषयी तुला जे सांगायचं ते सांग, फक्त माझ्याकडे बघून सांग. अशी येऊन बसणं म्हणजे तुझ्यावर दडपण आणणं आहे का, हेही मी स्वतःला विचारलं. आहे. तरी येते.

माया ठेव असं या खेपेला लिहवत नाही. तुझा तास झाल्यावर बघू.

अक्का

ता. क. मुक्कामाला राहणार नाही, लुंबिनीला स्वयंपाकाचं सांगू नकोस. रोजनिशीत उद्याच्या पानावर एकच काम लिहिलं आहे: हेडमास्तरांकडे आठ तारखेच्या रजेचा अर्ज देणे.