पान सत्तावीस

६ जुलै, रविवार

आज सकाळी फजरची नमाज झाल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. बारा वर्षांपूर्वीच्या उरुसातल्या नाटकाची वही तिच्यात आहे. झुरळांनी पुठ्ठा खाल्लाय, अक्षर शाबूत. अरीबाला वहीचे फोटो हवे होते. चाळीस पानांचे काढून पाठवले.

वही एकेचाळीस पानांची आहे.

८ जुलै, मंगळवार

अरीबा, माझी लेक, इंग्लंडात नाटक लिहायला शिकते. त्यातही एम.ए. असतं! इथं कोल्हापुरात प्रेसमध्ये सांगितलं तेव्हा मालक विजयसिंह म्हणाले, "नाटक लिवायला परदेशात जायला लागतंय व्हय? आमच्या गल्लीत रोज चालतंय की." मी लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत राहिलो. नवऱ्या मुलाच्या आत्याचं नाव राहिलं होतं.

शेवटी तिला एक पूर्ण नाटक लिहून द्यायचं आहे. पाच सप्टेंबरच्या आत. विषय तिनं घरातलाच घेतलाय. तिचे बडे अब्बा, म्हणजे माझा थोरला भाऊ इमाम, उरुसाच्या नाटकात मध्येच गप्प उभे राहिले ती संध्याकाळ. ती तेव्हा बारा वर्षांची, पुढच्या सतरंजीवर बसलेली. म्हणते, "अब्बा, एवढी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही."

मी तीच विंगेतून ऐकली. हातात वही घेऊन.

१३ जुलै, रविवार

फोन आला. तिकडे दुपार, बेकरीतली पाळी संपवून बोलत होती. वर्गात आठजण आहेत, सात देशांचे. सगळ्यांनी मिळून तिचा पहिला प्रवेश वाचला. विंगेत बसून नटाला ओळी सांगणारा माणूस त्यांना समजेना. तिनं समजावलं – आमच्या गावात नट दिवसभर कामावर असतात, पाठांतर निम्मं होतं, बाकीचं विंगेतून येतं. एकजण म्हणाला, हा माणूस काही करत नाही, काढून टाक. त्यांच्या बाई म्हणाल्या, त्यालाच ठेव, लागले तर बाकीचे काढ.

त्याला काढलं असतं तरी चाललं असतं.

१४ जुलै, सोमवार

हुपरीला, म्हणजे आमच्या गावाला, जे माहीत आहे ते असं. भाई पाटलाचं काम करत होता. एका ओळीवर अडला. मी ती तीनदा सांगितली, त्याला ऐकू गेली नाही. मांडव हसला. नाटक मंडळाच्या उदयसिंहनं पडदा पाडला. भाई त्यानंतर कधी रंगमंचावर चढला नाही.

तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. भाईनं डॉक्टर बदलला. दुसरे म्हणाले, हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचं काम करता, दिवसभर ठोके ऐकता, असेल थोडं. ते त्याला पटलं. विंग डाव्या हाताला होती, म्हणून डावा कान गेला असं त्यानं ठरवलं. तेव्हापासून समोरच्याकडे उजवा कान करून बसतो.

२० जुलै, रविवार

अरीबाच्या लक्षात आलं. सव्विसाव्या पानानंतर एकदम अठ्ठाविसावं आहे म्हणाली. मी म्हणालो, वाळवी लागली. "मधलं एकच पान खाल्लं, अब्बा?" म्हणालो, चवीचं असेल.

खूप हसली. खोटं बोललो आणि वर विनोद केला. अस्तगफिरुल्लाह, अल्ला माफ करो.

२७ जुलै, रविवार

आज तिचा आवाज उतरलेला. तिसरा प्रवेश शिकलेल्या नटांकडून वाचून घेतला. संपल्यावर बाई बराच वेळ कागद उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, विंगेतला माणूस खोटं बोलतोय, आणि हे लेखिकेलाच माहीत नाही.

तीनदा सांगितलं म्हणतो, तर तीनदा कसं सांगितलं? तिसऱ्या वेळेला कुणी पहिल्यासारखं बोलत नाही. ओरडला का? घाबरला का? हे लिही म्हणाल्या, नाहीतर तो प्रवेश उभा राहणार नाही. आणि तो नाही तर नाटक नाही.

"अब्बा, ओळ कुठली होती?"

आठवत नाही म्हणालो.

"मागायला आलास, मग मान खाली का?" ही ती ओळ. मीच लिहिलेली.

बाईंनी कोल्हापूर नकाशावरसुद्धा पाहिलं नसेल. भाई बारा वर्षं दर ईदला माझ्यासमोर बसून जेवतोय.

२८ जुलै, सोमवार

इथं तरी लिहावं.

त्या दिवशी सकाळी गावातल्या चहाच्या गाड्यावर सयाजी मास्तरांनी विचारलं, नाटक झकास आहे, लिहिलं कुणी? भाई म्हणाला, "मीच सांगतुय, शहजाद लिहून घेतुय. अक्षर चांगलं हाय त्याचं." मी दोघांचे चहाचे ग्लास घेऊन मागेच उभा होतो. भाईला त्याचा ग्लास दिला. साखर कमी आहे म्हणाला. साखर आणून दिली.

तीन महिने खपून मी ते नाटक लिहिलं होतं. भाईनं त्यातलं एक वाक्य सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी त्या ओळीवर तो अडणार हे मला माहीत होतं. तालमीत रोज तिथंच अडायचा. त्यानं विंगेकडे पाहिलं. मी ओळीवर बोट ठेवलं. मनात ठरवलं, दहापर्यंत मोजायचं आणि सांगायचं. सहाला मांडव हसला. आठला पडदा पडला.

विंगेतून सांगितलेल्या ओळीपुढं मी पेन्सिलीनं टिंब द्यायचो. सवयच होती ती. पान सत्तावीसवर त्या ओळीपुढं टिंब नाही.

भाई आत आला. मिशी अर्धी सुटलेली. म्हणाला, "तू सांगितलंस न्हवं?"

म्हणालो, तीनदा.

तेव्हापासून पाचही नमाजांनंतर दुआ मागतो – भाईच्या कानाला शिफा दे, बरा कर. ज्या कानाला काही झालेलंच नाही, त्या कानाला!

१ ऑगस्ट, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजाहून आलो तोच भाईचा फोन. महिनाअखेरीला अरीबाच्या नाटकाचं वाचन आहे आणि ते मोबाइलवर दिसणार, हे त्याला कळलंय. अर्ध्या गल्लीला बोलावलंय. स्पीकर आणलाय. त्याचं काम कोण करतंय म्हणून विचारलं. तिकडचाच कुणी मुलगा आहे म्हणालो. तर म्हणाला, त्याला सांग, पाटील कमरेवर हात ठेवून उभा राहतो.

वर म्हणाला, "आन् कानाचं बी दाखवा म्हणावं पोरीला. लपवू नका. मला काय लाज न्हाय त्याची."

जेवण गेलं नाही. सबिनानं, माझ्या बायकोनं, विचारलं. पित्त म्हणालो.

३ ऑगस्ट, रविवार

अरीबा विषयच बदलते म्हणाली. महिना उरलाय. नवीन नाटक महिन्यात होत नाही, हे तिलाही कळतं, मलाही. मग हळू म्हणाली, "अब्बा, काही असेल तर सांगा. तुम्ही नको म्हणालात तर लिहिणार नाही."

तिला सांगणं सोपं आहे. पण मग भाईला ते स्पीकरवरून कळणार. म्हणजे मी परत विंगेत गप्प, आणि बोलणार दुसरंच कुणीतरी.

म्हणालो, पुढच्या रविवारपर्यंत थांब.

५ ऑगस्ट, मंगळवार

अर्धी रजा टाकून स्टँडवर गेलो. परत आलो. सबिनाला सांगितलं, हुपरीची बस चुकली.

बस समोर उभी होती. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "येताय काय पावणं?"

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज दुआत भाईच्या कानाचं काढलं नाही. मग काय मागायचं ते सुचेना. नुसताच बसलो. मशिदीत झाडलोट सुरू झाली तेव्हा उठलो.

१० ऑगस्ट, रविवार

पान सत्तावीस खिशात घालून सकाळच्या बसनं गावी गेलो. भाई पुढच्या सोप्यात पैंजणांना घुंगरू जोडत बसला होता. हाफिजाभाभी आत भाकरी थापत होती. पान त्याच्यापुढं ठेवलं. सवयीनं त्यानं उजवा कान माझ्याकडे केला. मी सांगितलं. चहाच्या गाड्यापासून पडद्यापर्यंत, सगळं.

भाईनं चिमटा खाली ठेवला. पान उचललं, बघितलं, परत ठेवलं. मग सरकून बसला आणि डावा कान माझ्याकडे केला.

"मोठ्यानं बोल."

आतला भाकरीचा आवाज थांबला. मी परत सांगितलं. मोठ्यानं.