पस्तीस आऱ्यांचे चाक

आदरणीय भैयाजी यांस,

मी, गुणवंत नागोराव चिंतलवार, बी. कॉम. (मुंबई), वय वर्षे त्रेपन्न, आलापल्ली येथील एका लाकूड-ठेकेदाराच्या गोदामाचा व्यवस्थापक आणि आपल्या पत्नी सौ. इंदुताई यांचा सख्खा धाकटा भाऊ, हे पत्र आपल्या बुडालेल्या मोटारीसंबंधी लिहीत आहे. इतका परिचय देण्याचे कारण असे की, गेली साडेपाच वर्षे आपण माझा उल्लेख 'तो इसम' असा करता, हे इंदुताईच्या पत्रांतून कळते. तेव्हा इसम कोणता याविषयी संशय राहू नये. आपला गुडघा, तिचा दमा आणि परसातील रामफळ यांची खुशाली कळवावी. (उत्तर तिच्या हस्ताक्षरात आले तरी चालेल.) मी खुशाल आहे. उजव्या हाताची तीन बोटे भाजल्यामुळे अक्षर तिरपे आले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

प्रथम वस्तुस्थिती. एप्रिल १९५१ मध्ये लग्नाला जाताना सिरोंच्याला आपण प्राणहिता ओलांडत होतो. दोन डोंगे बांबूंनी जोडून वर फळ्या टाकल्या होत्या आणि त्या दोहोंवर आपली मोटार आडवी उभी होती. पत्रू नावाचा नावाडी मला म्हणाला, "दोरा (म्हणजे साहेब), गाडीचं डोकं जड आहे. जरा मागं घ्या." मी मात्र टेपने मोटारीची लांबी घेतली, तिचे निम्मे केले आणि मोटारीचा मध्य तराफ्याच्या मध्याशी काटेकोर जुळवला, कारण 'जरा' हे परिमाण मला ठाऊक असलेल्या कोणत्याही कोष्टकात नाही. पुढचे आपण जाणताच. माणसे सगळी वाचली, मोटार तोंडावर डोहात गेली, आणि आपण ज्याला धरून बसला होतात तो रबरी फुग्याचा पितळी हॉर्न तेवढा आपल्या हातात राहिला. तो आजही आपल्या बैठकीत खुंटीला आहे आणि माझा विषय निघाला की आपण तो वाजवता, असेही इंदुताई कळवते. या प्रकारास मी प्रवाह जबाबदार धरतो, हे माझे मत आपणांस माहीत आहेच.

येत्या १६ डिसेंबरला आपली साठीशांत. त्या दिवशी ती मोटार आपल्याला परत करावी, असे मी ठरविले. (पूर्ण आकारात ते शक्य नाही, म्हणून फुटाला इंच या प्रमाणात.) त्या दिवशीची मापे माझ्या वहीत होतीच आणि एक छायाचित्र इंदुताईने गुपचूप पाठविले. सगळे भाग मुळापासून घरीच करायचे, दुकानातील खेळण्याचा एक स्क्रूही वापरायचा नाही, हा माझा नियम. सांगाडा सागाचा, बॉनेट डालड्याच्या डब्याचे, दिव्यांच्या काचा औषधाच्या बाटलीच्या, बैठकी माझ्या जुन्या वहाणांच्या. येथवर सर्व सुरळीत झाले. चाकांपाशी मात्र माझी विद्या संपली. तांब्याच्या तारेचे छत्तीस आरे डाग देऊन जोडण्याचे मी चार प्रयत्न केले. बोटे तेव्हाच भाजली. चौथे चाक पाहून आमच्या सौ. नीलाबाईंनी एवढेच विचारले, "ही जिलबी पाकात टाकायची, की अशीच कोरडी वाढू?"

गोदामावरचा गाडीवान इसरू याने तेव्हा मला एटापल्लीच्या वाटेवरील एका टोल्यात (वस्तीत) कोलूकडे नेले. कोलू देवाचे घोडे, हत्ती, दिवे ओततो. मातीच्या गोळ्यावर मेणाचे बारीक दोरे गुंडाळायचे, वरून पुन्हा माती थापायची, भट्टीत मेण वितळून जाते आणि त्याच्या जागी पितळ ओततात, अशी ती रीत आहे. मी त्याच्यापुढे चाकाचा नकाशा ठेवला. तीन रंगांच्या शाईत, इंचाच्या चौसष्टाव्या भागापर्यंत. त्याने तो आदराने पाहिला आणि घडी करून परत दिला. "कागदाचं चाक फिरत नाई, भाऊ. खरं आण."

अहेरीचे निवृत्त रेंजर मुखरूजी यांच्याकडे आपल्याच बनावटीची मोटार आहे. त्यांचे एक चाक उतरवून इसरूच्या बैलगाडीतून मी टोल्यात नेले. कोलूने ते खुंट्यावर टेकवले, फिरवले आणि डोळे मिटून बसून राहिला. थोड्या वेळाने मी विचारले, "काय करून राह्यला, कोलूभाऊ?" तो म्हणाला, "ऐकून राह्यलो." मग प्रत्येक आऱ्यावरून त्याने बोट फिरवले, आणि दुपारी तांदळाचा एक दाणा शेजारी ठेवून मेणाचे दोरे वळू लागला. टेप नाही, पट्टी नाही, तोंडाने एक आकडा नाही.

चौथ्या दिवशी त्याने माती फोडली. भैयाजी, मी स्क्रू-गेज घेऊनच गेलो होतो. एकेक आऱ्याची जाडी मोजली. एकात आणि दुसऱ्यात केसाचाही फरक नव्हता. चाक आसावर बसवून मी त्यावर फुंकर मारली आणि ते फिरले. इतके अलगद, की थांबले केव्हा हे मला कळलेच नाही. वीस वर्षे मी या जंगलाचे लाकूड मोजतो आहे, पण हात जोडावेत असे माप मी प्रथमच पाहिले. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत काही बोललो नाही. (नीलाबाईंनी ती तारीख कॅलेंडरवर नोंदवून ठेवली आहे.)

दुसऱ्या दिवशी मात्र भानावर येऊन आरे मोजले, तर पस्तीस भरले. मी सभ्य शब्दांत कोलूला चूक दाखवली. तो म्हणाला, "मी नाई केली. चाकानं केली." खरे चाक तपासले, तर एक आरा मुळातून तुटलेला! छत्तीस हा आकडा मी त्या वेळी आपल्या मोटारीच्या तीन आऱ्यांमधले अंतर घेऊन, त्यावरून परिघाचा हिशेब करून काढला होता. या चाकाचे आरे मोजले कधीच नव्हते. खजील होऊन, बाकीची तीन चाके याच साच्यातून काढावीत असे मी सुचवले. कोलू हसला. "साचा फुटला ना, भाऊ. अन् ते तिघं येगळे हायेत." परिणामी मुखरूजींची उरलेली तीन चाकेही टोल्यात गेली. त्यांची मोटार महिनाभर सागाच्या ठोकळ्यांवर उभी आहे. तरी ते रोज संध्याकाळी सवयीने तीत बसून येतात. "तुझ्या मेव्हण्याची बुडवली, माझी टांगली," असे ते मला भेटेल तेथे ऐकवतात.

आता एक भाग सोडल्यास काम पूर्ण आहे. साठीशांतीच्या दिवशी मोटार घेऊन चांद्यास येण्याची मला परवानगी असावी, ही विनंती.

आपला,
गुणवंत नागोराव चिंतलवार
आलापल्ली, २४ नोव्हेंबर १९५६

ता. क. : राहिलेला भाग हॉर्न. उजव्या दारापाशी त्याचे भोक रिकामे आहे. छायाचित्रावरून करण्यास कोलू तयार नाही. हॉर्न टपालाने मागवतो म्हटले, तर म्हणाला, "वाजवनाऱ्याचा हात पाह्यल्याबिगर फुगा कसा करू? त्याले घेऊन ये." तरी साठीशांतीपूर्वी हॉर्नसह आपण स्वतः इकडे यावे. वाटेत आष्टीच्या घाटावर वैनगंगा तराफ्याने ओलांडावी लागेल, याची मला जाणीव आहे. तराफ्यावर मी उपस्थित नसेन.

गु. ना. चिं.

आणखी ता. क. : पत्र पाकिटात घातल्यावर आज सकाळी मोटार कोलूला दाखवली. त्याने ती दोन तळहातांवर आडवी धरली आणि पुढचा हात खाली गेला. आपल्या मोटारीची हकीकत त्याला कोणीही सांगितलेली नाही. तो म्हणाला, "याचं डोकं जड हाय, भाऊ. जरा मागं घेतो." त्याने ती मागे सरकवली आणि ती स्थिर राहिली. किती सरकवली ते मी मोजले. पाऊण इंच. म्हणजे आपल्या मोटारीचे नऊ इंच. 'जरा' म्हणजे नऊ इंच, भैयाजी. प्रवाह निर्दोष होता. पत्रूला तसे वेगळे पत्र आजच टाकत आहे.

तो इसम,
गुणवंत नागोराव चिंतलवार
आलापल्ली, २५ नोव्हेंबर १९५६