सरकारने दात स्वीकारला

परमप्रिय मेहुणे बिसेसरजी, सुव्हा बंदरातल्या सरकारी गोदामाचे द्वारपाल, यांस पंडित शिवटहल याचा खारा नमस्कार. (बंदरावरच्या माणसाला कोरडा कसा पाठवू?) तुमचा दमा कसा आहे? तुमची बहीण खुशाल असून तुमच्या पोटाच्या घेराची चौकशी करते. मीही ठीक. फक्त गुडघे माझ्याशी बोलत नाहीत, कारण परवा मी नाचलो. हसू नका, साहेबही नाचले.

आमचं वाइनिकोरो गाव टेकडीवर हलवायचा हुकूम लंडनहून आला होता, हे तुम्ही जाणताच. किनारा म्हणे रोगट, आणि टेकडीवर झरा आहे. लंडनच्या नकाशात आहे, टेकडीवर नाही. (तिथे वटवाघळं आहेत, ती नकाशात नाहीत.) म्हणजे मासे, माड आणि पुरलेले वाडवडील खाली सोडून वर जायचं, आणि घोटभर पाण्यासाठी पुन्हा खाली यायचं! दुभाषा या नात्यानं मी अर्ज लिहून लिहून थकलो. पण लंडनचं सरकार म्हणजे वेदान्तातलं निर्गुण निराकार ब्रह्म. दिसत नाही, ऐकत नाही, आणि त्याच्या इच्छेवाचून आमच्या गावचं डुकराचं कुंपणसुद्धा हलत नाही.

शेवटी आमचे सरदार रातू इसिकेली म्हणाले, "पंडित, कागद पुरे. देवमाशाचा दात देऊ." आता तुम्ही आम्ही या बेटांवर केस पिकवले, तेव्हा जाणतो, की ज्यानं दात हाती घेतला त्यानं मागणी मान्य केली. नकोच असेल, तर दाताला हात लावायचा नाही. पण आमचे अंमलदार पिल्किंग्टन साहेब नवे कोरे. "मला भेट घ्यायची मनाई आहे," म्हणाले आणि अर्जासकट दात लंडनला धाडून मोकळे झाले.

परवा उत्तर आलं. सारं गाव जमलं, साहेबांनी घसा साफ केला, मी गावच्या बोलीत उलथा करत गेलो. "वस्तू पोचली. आम्ही आभारी आहोत." झालं! पुरुषांनी ओंजळी करून अशा टाळ्या वाजवल्या, की "मागणी विचाराधीन आहे" हे तिसरं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. डुकरं भट्टीत गेली, यांगोनाच्या मुळांचं पेय घोटलं गेलं.

"पंडित, हे कसला आनंद करतायत?"

"सरकारनं दात घेतला, साहेब. गाव हलत नाही."

"अहो, पण विचाराधीन!"

"करू दे की विचार," उलथा ऐकून रातू म्हणाले, "घाई नाही आम्हाला."

गावची लावेनिया आजी मात्र साहेबांवर फणकारली, "तुमच्या मुलखात आधी गिळतात आणि मग जेवायचं का ते ठरवतात का रे?"

मी काशीत घोकलेलं सगळं न्यायशास्त्र मनात फिरवून पाहिलं. आजीच्या अनुमानात दोष सापडेना. साहेबांनाही सापडला नसावा. यांगोनानं त्यांचे ओठ बधिर झाले होते. गळ्यात फुलं घालून ते आजीबरोबर नाचले, आणि "गाव अत्यंत राजनिष्ठ आहे" असं लंडनला कळवून झोपले.

असो. सर्व क्षेम. तुमच्या दम्याला आल्याचा रस चांगला.

आपला,
शिवटहल

ता. क. — काल साहेबांना दुसरा लखोटा आला. भेट घेणं नियमात बसत नाही हे लंडनला आता उमगलं, म्हणून दात परत पाठवला आहे. दात परत आला म्हणजे मागणी फेटाळली, हे तुम्हाला सांगायला नको. (साहेबांना मी सांगितलेलं नाही. विचारल्याशिवाय उलथा करायचा पगार मला नाही.) दाताची पेटी तुमच्याच गोदामात उतरली आहे. तिच्यावर खोबऱ्याची पोती रचा. भरपूर रचा.

पुन्हा ता. क. — कुणी हटकलंच, तर पेटीचं काय करायचं ते लंडनला विचारलं आहे, असं सांगा. मी तुम्हाला खोटं बोलायला लावणार नाही, खरोखरच विचारा. उत्तर आलं, की त्यातला एखादा बारीक मुद्दा काढून पुन्हा विचारा. रातूंचा नातू सरदार होईपर्यंत तेवढं पुरेल.